अंगठा वाकवताना कळ येते

प्रश्न : वय 56. वर्षभरापासून उजव्या पायाच्या अंगठ्याचं बूड दुखतंय. वर हाडासारखं टेंगूळ आलंय. चढावर आणि उकिडवं बसताना कळ येते. युरिक अ‍ॅसिड 7.1 आलं, म्हणून गोळ्या सुरू कराव्यात का? ‘अंगठा रोज जोर लावून वाकव, मोकळा होईल,’ असं घरचे म्हणतात.

उत्तर : गोळ्यांची घाई नको. युरिक अ‍ॅसिडचा झटका रातोरात येतो. अंगठा लालबुंद, गरम होतो, पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाही आणि आठ-दहा दिवसांत तो उतरतो. असा झटका कधीच आला नसेल, तर नुसत्या आकड्यावर सहसा औषध देत नाहीत. तुमची लक्षणं सांधा झिजल्याची वाटतात. उभं राहून पायाचा एक्स-रे काढा. सांध्यातली फट कमी आणि वरच्या बाजूला वाढलेलं हाड दिसलं, तर निदान पक्कं.

चालताना टाच उचलली की अंगठा साधारण 60 अंश वर वळावा लागतो. वाढलेलं हाड तिथेच आडवं येतं. म्हणून जोर लावून वाकवणं बंद! त्यानं दोन हाडं एकमेकांवर आपटतात, सूज वाढते.

खरा इलाज पादत्राणात आहे. बूट टाचेला आणि टोकाला धरून दुमडून पाहा. सहज दुमडला तर तो तुमच्या कामाचा नाही. तळ ताठ आणि पुढे किंचित वर वळलेला हवा, म्हणजे पाऊल अंगठा न वाकवता पुढे पडतं. टेंगळाला घासणार नाही इतकी वर जागा हवी. जुनाच बूट वापरायचा तर अंगठ्याखालपर्यंत जाणारी ताठ कार्बन पट्टी आत घालता येते. पातळ, लवचीक चपला घरातसुद्धा नकोत. (कोल्हापुरी वापरत असाल, तर तिचा अंगठाही टेंगळावर घासतो.)

सूर्यनमस्कारात अश्वसंचालनाच्या वेळी मागच्या पायाची बोटं दुमडू नका, पाऊल पालथं ठेवा. उकिडवं बसणं टाळा.

दुखणं चाळवलं तर फडक्यात गुंडाळलेला बर्फ 10-15 मिनिटं लावा, वर डायक्लोफेनॅक जेल. मधुमेहामुळे पाय बधिर असेल तर बर्फ नको. मूत्रपिंडाचा त्रास किंवा रक्तदाब असेल तर पोटातल्या वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्या.

एवढं करूनही तीन-चार महिन्यांत चालणं सुधारलं नाही, तर अस्थिरोगतज्ज्ञांना भेटा. झीज थोडी असेल तर वरचं वाढलेलं हाड छाटतात. सांधा पुरताच गेला असेल तर तो कायमचा जोडतात. त्यानंतर चालणं बहुधा छान होतं, मात्र उंच टाचा आणि चवड्यावर बसणं विसरावं लागतं.