मोरी आणि माकूल

प्रश्न : मालवणच्या बाजारात मोरी (शार्क मासा) आणि माकूल (स्क्विड) शेजारीशेजारी विकायला असतात आणि दोघांतही काटे नसतात. मग मोरी पृष्ठवंशीय (कणा असलेली) आणि माकूल अपृष्ठवंशीय (कणा नसलेले), असे कसे? (एक वाचक, वेंगुर्ले)

उत्तर : काटा नसणे आणि पाठीचा कणा नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोरीची, म्हणजे मुंबईकडच्या मुशीची, तुकडी नीट पाहिल्यास मधोमध पांढरी गोल चकती दिसते. तोच तिचा मणका, फक्त तो हाडाचा नसून कूर्चेचा, आपल्या कानाच्या पाळीच्या वरच्या भागासारख्या लवचीक ऊतीचा, असतो. माकूल साफ करताना जी पारदर्शक, पिसासारखी पट्टी ओढून काढतात, ती मात्र कणा नव्हे, तर पूर्वजांच्या शिंपल्याचा शरीरात उरलेला अवशेष होय. त्यामुळे माकूल हे मृदुकाय, म्हणजे मऊ अंगाच्या प्राण्यांच्या, संघातले, तिसऱ्या-कालवांसारख्या शिंपल्यांचे नातेवाईक ठरते. किनाऱ्यावर सापडणारा समुद्रफेन हाही माकलाच्याच एका भावंडाचा असाच आतला शिंपला असतो. कोळंबी आणि कुर्ली (खेकडा) तर संधिपाद, म्हणजे झुरळाच्या गोतावळ्यातल्या. जेवताना हे न आठवलेलेच बरे.