पूना हॉर्स ही घोडदळाची रेजिमेंट रणगाड्यांपर्यंत कशी पोहोचली?

या रेजिमेंटचा उगम १८१७ साली दुसऱ्या बाजीरावावर लादलेल्या पुणे तहात आहे. त्या तहानुसार पेशव्यांनी दिलेल्या मुलखाच्या उत्पन्नावर इंग्रजांनी सहायक घोडदळ उभे केले आणि काही महिन्यांतच, १ जानेवारी १८१८ रोजी, कोरेगावला ते पेशव्यांविरुद्धच लढले. मराठी वाचकाने हा भाग विसरू नये, असे मला वाटते. १९२१ मध्ये ३३ व्या लाइट कॅव्हलरीशी विलीनीकरण होऊन आजची रेजिमेंट घडली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घोडे गेले, नावातले ‘हॉर्स’ मात्र राहिले. तिचे खरे तेज सेंच्युरियन रणगाड्यांवर दिसले: १९६५ मध्ये फिलोरा-चाविंडा परिसरात लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर आणि १९७१ मध्ये बसंतरच्या लढाईत सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल धारातीर्थी पडले, व दोघांनाही मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले.