रौप्यमहोत्सवी स्मरणिकेच्या निमित्ताने

प्रिय बाय,

सप्रेम आशीर्वाद.

आपल्या मानवी हक्क संस्थेच्या पंचवीस वर्षांची स्मरणिका संपादित करण्याचे काम कार्यकारिणीने तुझ्यावर सोपवल्याचे कळले आणि समाधान वाटले. शुभेच्छांची पाने, जाहिराती, शाल-श्रीफळाची छायाचित्रे यांविषयी मला काही सांगायचे नाही. त्यांच्यासाठी उत्साही माणसे नेहमीच मिळतात. सांगायचे आहे ते एवढेच की, पोलिसांचा पंचनामा आपण ज्या संशयाने वाचतो, त्याच संशयाने आपल्या संस्थेविषयीची प्रत्येक गोष्ट तपासून घे आणि मगच छाप.

कैद्यांच्या हक्कांसाठी जगभर झटणाऱ्या ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या जन्माची कथा तू ऐकली असशील. पोर्तुगालची राजधानी लिस्बनमध्ये दोन विद्यार्थ्यांनी स्वातंत्र्याच्या नावाने पेला उंचावला, त्यासाठी त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली, ती बातमी वाचून पीटर बेनेन्सन हा इंग्रज वकील अस्वस्थ झाला आणि त्यातून २८ मे १९६१ रोजी लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’मध्ये विस्मरणात गेलेल्या कैद्यांविषयीचा त्याचा लेख प्रसिद्ध झाला, असे सांगितले जाते. लेखाची तारीख पक्की आहे. पेल्याच्या बातमीचे मात्र तसे नाही. इतिहासकारांनी वृत्तपत्रे धुंडाळली, तरी बेनेन्सनने सांगितलेल्या तपशिलाशी जुळणारी बातमी त्यांना सापडली नाही. कैद्यांची नावे आणि कलमे काटेकोरपणे तपासणारी, १९७७चे नोबेल शांतता पारितोषिक मिळवणारी ही संस्था. पण तिच्या स्वतःच्या जन्मकथेला मात्र पुरावा मिळत नाही.

गोव्यातल्या माणसाला ती कथा चटकन खरी वाटते, याचे कारण उघड आहे. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याची राजवट आपल्याही उंबरठ्याच्या आत होती. बेनेन्सनने ज्या कैद्यांची बाजू मांडली, त्यांत अंगोलाचे कवी आणि डॉक्टर आगोस्तिन्यो नेतो होते आणि तेही पोर्तुगालच्याच कैदेत होते. ॲम्नेस्टीची खूण ठरलेली पहिली मेणबत्ती लंडनमध्ये १० डिसेंबर १९६१ रोजी, मानवी हक्क दिनी, पेटली आणि त्यानंतर नऊ दिवसांनी गोवा मुक्त झाला. एवढे योग जुळून आल्यावर पुढचे वाक्य लेखणीतून आपसूक उतरते, आणि तिथेच लेखणी थांबवायची असते. या दोन घटनांचा परस्परांशी कार्यकारणसंबंध नाही. लिहायचेच असेल तर हे लिही की, १९५५ मध्ये पकडले गेलेले गोवा मुक्तिलढ्यातले मोहन रानडे गोवा मुक्त झाल्यानंतरही पोर्तुगालच्या तुरुंगातच राहिले आणि १९६९ मध्ये सुटले, तर त्याच लढ्यातले तेलो मास्करेन्हस १९७० मध्ये सुटले. मुक्तीचे संचलन पाहून वाढलेल्या आपल्या पिढ्यांना ही वर्षे सहसा ठाऊक नसतात.

आता आपल्या घरातली गोष्ट घेऊ. सत्तरी तालुक्यातल्या एका मुलाला चोरीच्या संशयावरून कोठडीत ठेवले होते आणि आपल्या एका पत्रासरशी तो सुटला, हे प्रत्येक वार्षिक सभेत कोणीतरी सांगतोच. जावक वही उघडून बघ. पत्राच्या नोंदीसमोरची तारीख जामिनाच्या आदेशानंतरची आहे. त्याची आई पहाटेची बस धरून विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाकडे गेली होती आणि नुस्ते म्हणजे मासळी विकणारी त्यांची शेजारीण जामीन राहिली होती. हे सारे त्याच धारिकेत, पिवळ्या पडलेल्या कागदांवर आहे. आपल्या पत्रामुळे पुढे खातेनिहाय चौकशी सुरू झाली, हे खरे आणि ते सांगण्याजोगेही आहे. पण सुटकेचे श्रेय त्या दोन बायांचे आहे, आणि सभेतल्या गोष्टीत त्यांचा उल्लेखही नसतो.

तारखांचा हा आग्रह कोणाला किरकिर वाटला तर वाटू दे. अटक केलेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर उभे करावे, असे संविधानाचा बाविसावा अनुच्छेद सांगतो. घटनेला एक वर्ष उलटून गेल्यावर मानवी हक्क आयोगाला त्या प्रकरणाची चौकशी करता येत नाही, असे १९९३चा कायदा सांगतो. आपले निम्मे काम घड्याळ आणि दिनदर्शिका यांच्यावरच चालते. दुसऱ्याने एका दिवसाची खाडाखोड केली तर आपण अर्ज करतो, मग स्वतःला सवलत कशी द्यायची?

अपयशाची प्रकरणे वगळावीत, असे सुचवणारे भेटतील. त्यांचे ऐकू नकोस. ज्यांत साक्षीदार फिरले, ज्यांत तक्रारदारच थकून गेला, ज्यांत आयोगाची नोटीस गेली आणि पुढे काहीच झाले नाही, त्या प्रकरणांसाठी पाने राखून ठेव आणि काय झाले नाही ते स्पष्ट लिही. देणगीदार नाराज होतील, ही भीती मला फारशी पटत नाही. आपल्याला वर्षानुवर्षे पैसे देणारी माणसे म्हापशाच्या बाजारातली आणि फोंड्यातल्या शाळांतली आहेत; यशाचा दर पाहून ती देत नाहीत.

आणखी एक, आणि यात तडजोड नको. ज्यांची प्रकरणे छापशील त्यांच्या घरी जाऊन, लिहिलेला मजकूर मोठ्याने वाचून दाखवून, मगच संमती घे. फोनवरचे ‘हो’ पुरेसे नाही. काही बायकांनी गावात नवा संसार मांडला आहे, काही मुलांना नोकरी लागली आहे; जुना मजकूर त्यांच्या दारात पुन्हा पोलीस उभे करू शकतो. नाव बदलले तरी वाडा आणि वर्ष यांवरून गोव्यासारख्या छोट्या प्रदेशात माणूस ओळखता येतो, तेव्हा तेही बदल किंवा गाळ. कोणी नकार दिला, तर ते प्रकरण कितीही बोलके असले तरी बाजूला ठेव आणि कारण विचारू नकोस.

पहिल्या पाच वर्षांच्या आवक-जावक वह्या कार्यालयातल्या लोखंडी कपाटात खालच्या कप्प्यात आहेत. वाळवी लागू नये म्हणून त्या कापडात बांधल्या आहेत. पावसाळ्यापूर्वी बाहेर काढ आणि आधी त्यांची छायाचित्रे घे. मुद्रिते आली की मला पाठव, आणि छापखान्यात जाण्यापूर्वी आपल्या वकिलांच्या नजरेखालून घाल.

तुझा,
काका