वाचक विचारतात: जुन्या गोव्यातली राजधानी गेली कुठे?

मागच्या अंकात जुन्या गोव्याबद्दल चार ओळी छापल्या होत्या, त्यावर एवढे मेल आणि मेसेज आले की या वेळचं पान त्यालाच द्यायचं ठरवलं. सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न: टूरवाल्याने अर्ध्या तासात दोन चर्च दाखवली आणि परत बसमध्ये बसवलं. ही म्हणे पोर्तुगीजांची राजधानी होती, मग शहर कुठाय? बाजार, वाडे, रस्ते काहीच कसं दिसत नाही? (चिपळूणहून एक वाचक)

उत्तर: दादा, प्रश्न एकदम बरोबर आहे, आणि माझ्या मते जुनं गोवा बघायचं तर याच प्रश्नापासून सुरुवात करायला हवी. 25 नोव्हेंबर 1510 ला पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कने हे बंदर विजापूरच्या आदिलशहाकडून घेतलं, 1530 पासून पोर्तुगीजांच्या पूर्वेकडच्या सगळ्या मुलखाची राजधानी इथे होती, आणि ज्याने गोवा बघितलं त्याला लिस्बन बघायची गरज नाही अशी म्हणच पोर्तुगीजांमध्ये पडली होती. एवढं मोठं शहर गेलं ते काही एका लढाईत नाही. कॉलरा, मलेरियाच्या साथी पुन्हापुन्हा आल्या, जमीन जांभ्याची म्हणजे पाणी झिरपणारी, त्यामुळे सांडपाणी थेट विहिरींत उतरायचं. त्यात डचांनी व्यापार तोडला, मांडवीत गाळ साठला. लोक निघून गेले. व्हाइसरॉयनेच, म्हणजे पोर्तुगीज राजाच्या इथल्या प्रतिनिधीनेच, 1695 मध्ये जवळच्या पणेलीला मुक्काम हलवला, 1759 मध्ये पणजीला, आणि 1843 मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. रिकाम्या वाड्यांचे दगड काढून नव्या शहरात वापरले गेले. म्हणजे तुम्ही पणजीत फिरता तेव्हा या राजधानीचा थोडाफार भाग तिथेही भिंतींत आहे असं समजा.

आता शहर बघायचं कसं, तर बस थांबते तिथून सुरुवात करू नका. खाली नदीकडे चालत जा, फेरीच्या धक्क्याजवळ व्हाइसरॉयची कमान आहे तिथे. नवा व्हाइसरॉय बोटीतून उतरून याच कमानीतून शहरात शिरायचा. वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिस्को द गामा व्हाइसरॉय असताना, 1597 च्या सुमारास ती बांधली, नदीच्या बाजूला वर वास्कोचा पुतळा आहे. 1948 मध्ये ती पडली आणि 1954 मध्ये परत उभी केली, त्यामुळे आज दिसते ती सगळी जुनी नाही हे लक्षात असू द्या. कमानीतून वर जाणारा जो रस्ता आहे ना, तीच मुख्य बाजारपेठ, रुआ दिरैता, दोन्ही बाजूंना दुकानं आणि सकाळी उघड्यावर लिलाव, घोडे, कापड, आणि हो, गुलाम माणसंसुद्धा. आज दोन्ही बाजूंना झाडं आहेत. हा रस्ता चालल्याशिवाय वरची चर्च कळत नाहीत असं मला मनापासून वाटतं, कारण ती शहरासाठी बांधलेली होती, रिकाम्या हिरवळीवर उभी राहायला नाही.

थोडं वर डाव्या हाताला सेंट कजेटनचं चर्च आहे, रोमच्या सेंट पीटर्सच्या नमुन्यावर बांधलेलं, घुमटाखाली मधोमध विहीर आहे. टूरवाले इथे सहसा थांबत नाहीत. त्याच आवारात काळ्या दगडाची एक एकटी चौकट उभी आहे, थोड्या पायऱ्या, दोन खांब, वर आडवा दगड, बाजूला दगडी जाळीचे तुकडे. आदिलशहाच्या वाड्याचा दरवाजा म्हणून ती ओळखली जाते. कोरीवकाम जवळ जाऊन बघा, अगदी देवळाच्या चौकटीचं वळण आहे. पोर्तुगीज येण्याआधी इथे एला नावाचं नांदतं बंदर होतं, त्याची डोळ्यांना दिसणारी खूण एवढीच, म्हणून म्हणते, चुकवू नका.

प्रश्न: बॉम जेझूची बॅसिलिका, म्हणजे ते मोठं चर्च, बाकी चर्चसारखी पांढरी का नाही? लाल दगड मुद्दाम उघडा ठेवलाय का? आम्हाला तर तो लूक फार आवडला. (पुण्याहून एक वाचक)

उत्तर: ताई, आवडतो सगळ्यांनाच, फोटोत तर फारच छान येतो, पण तो मूळचा नाही. पायाभरणी 1594 ची, 1605 मध्ये चर्च पूर्ण होऊन त्याची प्रतिष्ठापना झाली, आणि तेव्हापासून बाहेरून चुन्याचा गिलावा होता. 1950 च्या दशकात, पोर्तुगीज राजवटीतच, जुनं रूप दाखवायच्या हौसेने तो काढला. कोकणातल्या कुणालाही विचारा, चिऱ्याची भिंत उघडी ठेवून गोव्याचा पाऊस झेलायला लावली तर काय होतं. जांभ्याला घावनासारखी जाळी असते, पाणी आत शिरतं, माती धुऊन जाते, भोकं मोठी होत जातात. जुन्या गवंड्यांना हे पक्कं माहीत होतं म्हणून तर सगळीकडे चुना. 2020 मध्ये खुद्द बॅसिलिकाच्या रेक्टरनीच, म्हणजे तिथल्या प्रमुख फादरनीच, दगड झिजतोय, परत प्लास्टर करा असं जाहीरपणे म्हटलं होतं. मलाही तसंच वाटतं, रूप बदललं तरी चालेल, भिंत राहिली पाहिजे. ओळखीचा चेहरा बदलतोय म्हणून लोक हळहळतील हे मान्य, पण 70 वर्षांच्या सवयीसाठी 400 वर्षांची भिंत पणाला लावायची का?

आणि एक गोष्ट आपल्या मराठी वाचकांसाठी. दर्शनी भागावर जे काळं कोरीवकाम आहे, खांब, पट्ट्या, अगदी वर आय-एच-एस ही येशूच्या नावाची तीन अक्षरं, तो दगड जांभा नाहीच, तो बसाल्ट आहे आणि तो आणला आपल्या वसईहून, समुद्रातून, चारशेहून जास्त किलोमीटरवरून. वसई तेव्हा पोर्तुगीजांकडेच होती. खाली उभं राहून बघा, शेजारचा चिरा खडबडीत झालाय आणि वसईच्या दगडावरची कडा अजून जागेवर आहे.

प्रश्न: संभाजी महाराजांच्या भीतीने व्हाइसरॉयने आपला राजदंड सेंट झेवियरच्या (ज्यांचं शव बॉम जेझूत आहे) शवपेटीत ठेवला, हे खरं की व्हॉट्सॲपवरचं? (कोल्हापूरहून एक शिक्षक)

उत्तर: सर, खरं आहे. 1683 च्या नोव्हेंबरमध्ये व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर मराठ्यांच्या फोंड्याच्या किल्ल्यावर चालून गेला, महाराज स्वतः आल्यावर त्याला माघार घ्यावी लागली. मग मराठ्यांनी रात्रीत जुवे बेट घेतलं, म्हणजे राजधानीच्या दारातच आले. परत घ्यायला गेलेला व्हाइसरॉय जेमतेम जीव वाचवून परतला. तेव्हा त्याने बॉम जेझूत जाऊन सेंट फ्रान्सिस झेवियरची पेटी उघडायला लावली आणि राजदंड त्यांच्यापाशी ठेवून शहर वाचवायची प्रार्थना केली. पुढे मोगलांची फौज कोकणात उतरली आणि महाराजांना तिकडे वळावं लागलं.

मुलांना घेऊन जाल तेव्हा एक फरक नक्की दाखवा. चांदीची पेटी त्या प्रसंगाची साक्षीदार आहे, ती गोव्यातल्याच सोनारांनी 1636-37 मध्ये घडवली. पण खालचा संगमरवरी चौथरा तेव्हा नव्हता, तो इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या फोज्जिनी या शिल्पकाराने घडवला, तिथल्या टस्कनी राज्याचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो याने भेट म्हणून पाठवला आणि 1698 मध्ये इथे बसवला.

प्रश्न: डोंगरावरचा तो एक उंच पडका टॉवर कसला? (नाशिकहून एक वाचक)

उत्तर: सेंट ऑगस्टिनचा. 46 मीटर उंच, सगळा जांभ्याचा. चर्च 1602 मध्ये पूर्ण झालं, 1835 मध्ये पोर्तुगीज सरकारने धर्मसंघ बरखास्त केले, साधू गेले, देखभाल थांबली आणि 1842 मध्ये छत कोसळलं. 1931 मध्ये दर्शनी भाग आणि अर्धा टॉवर पडला. घंटा मात्र वाचली, पणजीच्या त्या प्रसिद्ध पायऱ्यांच्या चर्चमध्ये आहे, लाखो लोक तिचा फोटो काढतात आणि ती कुठली हे कुणाला माहीत नसतं. याच अवशेषांत जॉर्जियाची राणी केतेवान हिची हाडं सापडली. इराणच्या शिराझमध्ये 1624 मध्ये धर्म सोडला नाही म्हणून तिला हाल करून मारलं होतं. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेने डीएनए तपासला आणि 2021 मध्ये भारताने त्यातला भाग जॉर्जियाला भेट दिला. सगळ्या जुन्या गोव्यात मला सगळ्यात जास्त बोलणारी जागा हीच वाटते, कारण इथे काही रंगवून, सजवून ठेवलेलं नाही. जमिनीवर थडग्यांचे कोरीव दगड आहेत, बघून पाय टाका.

प्रश्न: आई 74 वर्षांची, गुडघे दुखतात. नार्व्याचं सप्तकोटेश्वराचं देऊळपण करायचंय. एका दिवसात जमेल का? (साताऱ्याहून एक वाचक)

उत्तर: जमेल. बॉम जेझू आणि समोरचं से कॅथेड्रल सपाटीवर आहे, फार चालावं लागत नाही. से आतून जरूर बघा, सुमारे 76 मीटर लांब आहे, आणि बाहेर एकच बुरूज दिसेल, दुसरा 1776 मध्ये पडला तो परत बांधलाच नाही. शेजारच्या सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीला लागून पुरातत्त्व खात्याचं म्युझियम आहे, व्हाइसरॉयांची चित्रं तिथे आहेत, शुक्रवारी बंद असतं. ऑगस्टिनचा टॉवर टेकडीवर, पण गाडी जवळपर्यंत जाते. खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे सगळ्यांनीच घाला, ही देवाची घरं आहेत, रोज मिस्सा, म्हणजे प्रार्थना, होतात.

दुपारनंतर कमानीजवळून फेरीबोटीने दिवाडी बेटावर जा, गाडीसकट जाता येतं, बेट पार करून दुसऱ्या फेरीने नार्वे. सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ दिवाडीवरच होतं, 16व्या शतकात पोर्तुगीजांनी पाडलं, भाविकांनी लिंग नदीपलीकडे नार्व्याला नेलं, आणि शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला, तसा शिलालेख आहे. हे दोन्ही एकाच दिवशी बघितलं तर फार चांगलं, नुसती चर्च किंवा नुसतं देऊळ बघून गोव्याचा इतिहास अर्धाच कळतो. कोकण रेल्वेने येणार असाल तर करमळी स्टेशन सगळ्यात जवळ, पणजीहून कदंबच्या (गोव्याच्या एसटीच्या) बसही भरपूर आहेत, अंतर 10 किलोमीटरच्या आत. फक्त 3 डिसेंबरला झेवियरचं फेस्त असतं आणि त्याआधी नऊ दिवस नोव्हेना, तेव्हा पाय ठेवायला जागा नसते, आईंना घेऊन जायचं तर ते दिवस सोडून जा.