मोबाईल कट्टा : प्रोसेसर तापतो का आणि बॅटरी जाते कुठे

मागच्या अंकात सेकंडहँड फोन घेताना काय बघायचं ते लिहिलं होतं, आणि त्यावर आलेली बहुतेक पत्रं प्रोसेसरवर, म्हणजे फोनचं सगळं काम चालवणाऱ्या चिपवर, येऊन थांबली. क्वालकॉमचा स्नॅपड्रॅगन चांगला का मीडियाटेकचा डायमेन्सिटी, सॅमसंगचा एक्सिनॉस खरंच इतका वाईट आहे का वगैरे. त्यातले काही प्रश्न घेतोय.

मी सांगलीला इंजिनिअरिंगला आहे. वनप्लस १० प्रो आणि वनप्लस ११आर हे दोन सेकंडहँड फोन जवळपास एकाच किमतीत मिळतायत. एकात स्नॅपड्रॅगन ८ जेन १ आहे, दुसऱ्यात ८ प्लस जेन १. दुकानदार म्हणतो प्लस फक्त नावाला, आतून सेमच. कॉलेजात दिवसभर चार्जर नसतो आणि बीजीएमआय हा गेम खेळतो. काय करू?

दुकानदाराचं म्हणणं अर्धं खरं आहे, म्हणूनच पटतं पटकन. आतले कोअर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे भाग, खरंच तेच आहेत. एक मोठा कॉर्टेक्स एक्स२, तीन ए७१०, चार छोटे ए५१०, आणि ग्राफिक्सला ॲड्रेनो ७३०. पण ८ जेन १ सॅमसंगच्या कारखान्यात ४ नॅनोमीटरवर (चिप बनवायच्या प्रोसेसचं नाव) बनला आणि ८ प्लस जेन १ तैवानच्या टीएसएमसीकडे, तोही ४ नॅनोमीटरवरच. आता दोन्हीकडे ४ लिहिलंय म्हणजे सारखंच असं वाटणारच ना, पण हा आकडा आजकाल मार्केटिंगचं नाव झालाय, चिपवरची कुठलीच गोष्ट मोजून बरोबर ४ नॅनोमीटर भरत नाही, आणि एका कंपनीचा ४ दुसऱ्या कंपनीच्या ४ च्या तोडीचा असेलच असं काही नाही.

पहिला चिप २०२१ च्या शेवटी आला, तापण्याबद्दल त्याच्यावर भरपूर टीका झाली. मे २०२२ मध्ये क्वालकॉमने प्लस काढला आणि स्वतःच सांगितलं की सीपीयू (कोअरचा भाग) आणि जीपीयू (ग्राफिक्सचा भाग) दोन्ही ३० टक्क्यांपर्यंत कमी पॉवर खातात. वर मोठ्या कोअरचा स्पीड ३ गिगाहर्ट्झवरून ३.२ वर नेला. म्हणजे बघा, स्पीड वाढवूनही खाणं कमी, आणि डिझाईन तेच. कंपनीचा दावा म्हणून त्यातलं थोडं कापून घ्या हवं तर, पण दोन्ही चिपचे फोन बाजारात आल्यावर फरक हाताला जाणवतच होता.

हे असं का होतं तेही सांगतो, कारण पुढचे सगळे प्रश्न इथेच येऊन मिळतात. चिपची पॉवर साधारण फ्रिक्वेन्सी गुणिले व्होल्टेजचा वर्ग या हिशोबाने वाढते, आणि फ्रिक्वेन्सी वाढवायची तर बहुतेक वेळा व्होल्टेजही वाढवावं लागतं. समजा दोन्ही १० टक्के वाढवलं, तर १.१ चा घन म्हणजे १.३३, म्हणजे १० टक्के जास्त स्पीडसाठी ३३ टक्के जास्त पॉवर. शेवटचा तो थोडासा स्पीड सगळ्यात महाग पडतो. कारखान्याची प्रोसेस चांगली असेल तर तोच स्पीड कमी व्होल्टेजवर मिळतो आणि मग सगळं गणितच बदलतं.

बॅटरीच्या भाषेत सांगायचं तर ५००० एमएएचची बॅटरी म्हणजे साधारण १९ वॅट-तास. गेम खेळताना फोन सगळा मिळून १० वॅट ओढत असेल तर दोन तासाच्या आत बॅटरी खल्लास, ५ वॅट ओढत असेल तर पावणेचार तास जातील. बॅटरी तीच बरं का.

डायमेन्सिटी ९००० चं उदाहरण यात फार बोलकं आहे. त्यातही एक एक्स२, तीन ए७१०, चार ए५१०, म्हणजे आर्म या कंपनीने डिझाईन केलेले तेच कोअर, तोही २०२१ च्याच शेवटी जाहीर झालेला, पण टीएसएमसीचा. आणि त्या वर्षी मीडियाटेक, जिला आपल्याकडे लोक स्वस्त फोनवाली कंपनी म्हणून हिणवायचे, तिचा चिप ८ जेन १ पेक्षा थंड चालला. आपल्याकडे अजूनही 'मीडियाटेक नको बाबा' म्हणणारे आहेत, त्यांनी हे लक्षात ठेवावं.

पण कारखाना बदलला की दरवेळी एवढा फरक पडतोच असं नाही हां. २०१५ मध्ये आयफोन ६एसचा ए९ चिप सॅमसंग आणि टीएसएमसी दोघांकडे बनला, कुणाच्या हातात कुठला येईल ते नशीब, आणि इंटरनेटवर नुसता धुरळा उडाला होता. ॲपलने सांगितलं की रोजच्या वापरात बॅटरीचा फरक २ ते ३ टक्केच आहे.

तुमच्यापुरतं बोलायचं तर गेम आणि दिवसभर बॅटरी हवी असेल तर ११आर घ्या. १० प्रोमध्ये टेलिफोटो (लांबचं जवळ आणणारा) कॅमेरा आहे, वायरलेस चार्जिंग आहे, ११आरला दोन्ही नाही. ते हवंच असेल तर गोष्ट वेगळी. आणि दोन्ही आता जुने फोन, त्यामुळे बॅटरी बदललीय का, किती उरलीय ते आधी बघा. बॅटरी थकलेला ११आर चांगल्या बॅटरीच्या १० प्रोपुढेही टिकणार नाही.

माझ्या मित्राच्या फोनचा अंतुतू (स्पीड मोजणारं ॲप) स्कोअर माझ्यापेक्षा दोन लाखाने जास्त आहे आणि तरी त्याचा गेम अर्ध्या तासाने अडकतो, माझा नाही. असं कसं?

स्कोअर काही मिनिटात निघतो, गेम तासभर चालतो. फोनला पंखा नसतो (काही गेमिंग फोन सोडून), उष्णता बाहेर पडायला जागा म्हणजे मागचं कव्हर आणि स्क्रीन, त्यामुळे चिप तापला की स्पीड खाली आणावाच लागतो, त्याला थ्रॉटलिंग म्हणतात. मित्राच्या फोनचा चिप वर जास्त उडी मारतो आणि खालीही तेवढाच येतो. बघायचंच असेल तर थ्रीडीमार्क ॲपमध्ये वाइल्ड लाइफची स्ट्रेस टेस्ट आहे, एकच सीन वीस वेळा चालवते आणि शेवटी स्टॅबिलिटी टक्क्यात सांगते. दोघांच्या फोनवर एकाच खोलीत, कव्हर काढून, चार्जर न लावता चालवा आणि पहिल्या नाही, शेवटच्या फेरीचा आकडा बघा. टक्का बघून फसू नका, कमी स्पीडच्या चिपचा टक्का बहुतेक वेळा जास्तच येतो कारण त्याला खाली यायला जागाच नसते.

आणि बेंचमार्कमध्ये, म्हणजे अशा स्पीड मोजणाऱ्या चाचण्यांमध्ये, चलाखीही होते. मार्च २०२२ मध्ये गीकबेंच या बेंचमार्क ॲपने सॅमसंगच्या एस१०, एस२०, एस२१ आणि एस२२ मालिका स्कोअरच्या यादीतून काढून टाकल्या होत्या, कारण फोनमधली एक सर्व्हिस गेम आणि बऱ्याच ॲपचा स्पीड कमी करत होती पण बेंचमार्क ॲपला हात लावत नव्हती. नंतर सॅमसंगने अपडेट देऊन ते बंद करायची सोय दिली.

मुलगा न्यू जर्सीला असतो, येताना गॅलेक्सी एस२४ आणतो म्हणतोय, तिकडे स्नॅपड्रॅगन असतो म्हणून. इथलाच एक्सिनॉसवाला घेऊ का? वय ६२, व्हॉट्सॲप, फोटो, बँक, एवढंच.

मुलाचं बरोबर आहे, जानेवारी २०२४ मध्ये एस२४ आला तेव्हा अमेरिकेत स्नॅपड्रॅगन ८ जेन ३ आणि भारत, युरोपात एक्सिनॉस २४०० होता (अल्ट्रा मात्र सगळीकडे स्नॅपड्रॅगन). पण काका, तुमच्या वापराला हा फरक शोधूनही सापडणार नाही. तुमची बॅटरी खाणार स्क्रीन आणि नेटवर्क. एक्सिनॉसची बदनामी मुख्यतः एस२० च्या वेळच्या एक्सिनॉस ९९० ची आहे, ती काही उगाच झालेली नव्हती, पण २४०० त्याच्यापेक्षा बराच सुधारलेला आहे. तिकडच्या फोनला इथे वॉरंटीचा घोळ होऊ शकतो, त्यापेक्षा मुलाला म्हणावं पैसे पाठव आणि बिल घेऊन इथेच घ्या.

बजेट पंधरा हजार. स्नॅपड्रॅगन ४ जेन २ का डायमेन्सिटी ६१०० प्लस?

४ जेन २. त्याचे दोन मोठे कोअर ए७८, ६१०० प्लसचे ए७६, छोटे सहा दोन्हीकडे ए५५च. पण खरं सांगू का, या किमतीत प्रोसेसरपेक्षा रॅम ६ जीबीच्या खाली नको आणि स्टोरेज ईएमएमसी (जुन्या, हळू प्रकारचं) नको, यूएफएस (वेगवान) हवं, फोन दोन वर्षांनी रखडतो तो बहुतेक याच्यामुळे. आणि नावं बदलून तोच चिप परत विकतात त्याकडे लक्ष ठेवा, डायमेन्सिटी १०८० पुढे ७०५० म्हणून आला, नवा आकडा बघून जास्त पैसे मोजायची गरज नाही.

नागपूरला डिलिव्हरीचं काम करतो. मे महिन्यात गाडीच्या होल्डरवर फोन लावला की अर्ध्या तासात स्क्रीन अंधारते, मॅप दिसत नाही. न तापणारा प्रोसेसर कुठला?

भाऊ, असा कुठला प्रोसेसर नाही. ॲपल आपल्या आयफोनसाठी ० ते ३५ अंश तापमान सांगते आणि तुमच्याकडे मे महिन्यात ४५ च्या आसपास असतं, त्यात काळा फोन थेट उन्हात. मॅप चालवणं प्रोसेसरला फार जड नाही. जड आहे ती फुल ब्राइटनेस, सतत चालू जीपीएस, टॉवर बदलत राहणारा डेटा आणि गाडीवरून चालू असलेलं चार्जिंग. शेवटचं सगळ्यात वाईट, चार्ज होताना बॅटरी स्वतः तापते. म्हणून फोन तापला की तो आधी ब्राइटनेस पाडतो, चार्जिंग थांबवतो, हे बिघाड नाही.

होल्डरवर वर छोटं छप्पर येतं ते लावा, जाड कव्हर काढा, चार्जिंग उन्हात नाही तर ऑर्डरची वाट बघत सावलीत थांबाल तेव्हा करा. शहराचा मॅप ऑफलाइन डाउनलोड करून ठेवा. तुमच्या भागात ५जी येत-जात असेल तर सेटिंगमध्ये ४जीवर ठेवा, कमकुवत सिग्नलला मोडेम (नेटवर्कशी जोडणारा भाग) जास्त पॉवर ओढतो. नवा फोन घ्यायचाच असेल तर महागडा फ्लॅगशिप चिप नको, टीएसएमसीच्या ४ नॅनोमीटरचा मधल्या किमतीतला बघा, डायमेन्सिटी ७२०० किंवा स्नॅपड्रॅगन ७ जेन ३ सारखा, आणि दुकानात स्क्रीन किती उजळते ते दाराबाहेर उन्हात नेऊन बघा.