रविवारचा दंड धरायचा का?

तिसऱ्या वर्षाला सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग आहे, कोडिंग तर येतंच, मग वॉटरफॉल-स्पायरलच्या (सॉफ्टवेअर कुठल्या टप्प्यांनी बनवायचं त्या पद्धतींच्या) आकृत्या कशाला घोकायच्या, असं तू विचारलंयस. नको घोकूस. वॉटरफॉलची आकृती ज्याच्या नावावर खपते त्या विन्स्टन रॉइसनेच १९७० च्या लेखात, ती तशीच राबवणं धोक्याचं आहे, असं लिहून ठेवलंय. आपल्याकडे पाच मार्कांना आकृती तेवढी येते.

खरी मेख कोडच्या आधी असते. आम्ही मिनी प्रोजेक्टला कॉलेजच्या लायब्ररीचं सॉफ्टवेअर केलं होतं. उशिराच्या प्रत्येक दिवसाला १ रुपया दंड. दोन तारखांची वजाबाकी केली, डेमो झकास झाला. मग ग्रंथपाल मॅडमनी विचारलं, "रविवार धरलाय का यात? आणि दिवाळीत लायब्ररीच बंद, तेव्हा पोरांनी पुस्तक आणून द्यायचं कुणाला?" कोडमध्ये चूक नव्हती, आम्ही विचारलंच नव्हतं. सुट्ट्यांचं टेबल घुसवताना निम्मा प्रोजेक्ट उसवला.

४ जून १९९६ ला एरियान ५ रॉकेटच्या पहिल्या उड्डाणात हेच झालं. दिशादर्शनाच्या यंत्रणेचं सॉफ्टवेअर एरियान ४ वरून उचललेलं. नव्या रॉकेटचा आडवा वेग बराच जास्त, त्यामुळे त्याच्याशी निगडित ६४ बिटांची संख्या १६ बिटांत मावेना (तिथे ३२,७६७ च्या पुढे जागाच नाही). जोडीला बॅकअप होता, पण त्यातही तेच सॉफ्टवेअर, तोही तसाच बंद पडला. ४० सेकंदांच्या आसपास रॉकेटचे तुकडे. वर कहर म्हणजे, ते गणित एरियान ५ ला उड्डाणानंतर लागतच नव्हतं! जुन्या रॉकेटवर तोच कोड बिनतक्रार चालत होता.

तर आता तुझ्या प्रोजेक्टचं. गिट (कोडच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन) पहिल्या दिवसापासून वापरा. व्हॉट्सअ‍ॅपवर 'फायनल_फायनल२' नावाची झिप फिरायला लागली की ग्रुपमध्ये भांडणं ठरलेली. यूएमएलमध्ये (सॉफ्टवेअरची रचना आकृत्यांत मांडायची पद्धत) क्लास आणि सीक्वेन्स डायग्रॅम मन लावून कर, बाकीचं परीक्षेपुरतं. एसआरएस (सॉफ्टवेअरने काय काय करायचं त्याचा लेखी दस्तऐवज) सीनियरकडून ढापू नकोस. त्याऐवजी दंडासारखं एक छोटं फंक्शन घे आणि कोडच्या आधी टेस्ट, म्हणजे कोड तपासायची उदाहरणं, लिही: मुदतीआधी परत, मुदतीच्याच दिवशी, एक दिवस उशिरा, मधे रविवार, मुदतच सुट्टीच्या दिवशी. शेवटच्या टेस्टला अडशील, कारण नियमच माहीत नसेल. मग उठून लायब्ररीत जा आणि विचार. दुपारी तीननंतर काउंटरला गर्दी नसते.