दोघंही तापट, मग प्रेम सुरू कुठे होतं?

प्रश्न : मी कादंबरी लिहितेय. नायिका गावोगाव फिरणारी पशुवैद्यक, नायक दूध संघाच्या संकलन केंद्रावरचा अधिकारी. दोघंही भयंकर तापट. पहिल्या नऊ प्रकरणांत त्यांची भांडणंच आहेत. मैत्रीण म्हणते, वाचायला मजा येते, पण हे दोघं प्रेमात पडतील असं वाटत नाही. दहाव्या प्रकरणात तो रागाच्या भरात तिला थप्पड मारतो आणि माफी मागताना प्रेम कबूल करतो, असं योजलंय. कुठे चुकतंय? तीन प्रकरणं सोबत पाठवत आहे.
– एक वाचक, कराड

उत्तर : आधी ती थप्पड काढून टाका. तापटपणा वेगळा आणि हात उचलणं वेगळं. हात उचलल्यावर लगेच प्रेमाची कबुली आली, की मारणं हाच प्रेमाचा पुरावा ठरतो. तुमची नायिका मला आवडली आहे, म्हणून जरा कळवळून सांगते : तिला हे सोसायला लावू नका.

आता भांडणांबद्दल. संवाद झणझणीत आहेत, ऐकू येतात. पण दोघं भांडतात कशावरून? मोटरसायकल आडवी लावली, फोन उचलला नाही, चारचौघांत आवाज चढवला. अशी भांडणं कुणाचीही कुणाशीही होतात. राग कशाचा येतो, यावरून माणूस कळतो, आणि तेच अजून पानावर आलेलं नाही.

इंग्रज लेखिका एलिझाबेथ गॅस्केल यांची ‘नॉर्थ अँड साउथ’ ही कादंबरी जरूर वाचा. 1854-55 मध्ये ती कादंबरीकार चार्ल्स डिकन्सच्या साप्ताहिकात क्रमशः आली. मार्गारेट हेल दक्षिण इंग्लंडमधल्या धर्मोपदेशकाची मुलगी, जॉन थॉर्नटन उत्तरेकडच्या गिरणीचा मालक. दोघंही मानी, शब्दाला शब्द देणारे. त्यांचं वाजतं ते कामगारांवरून, संपावरून, मालकाने आपले निर्णय मजुरांना समजावून सांगावेत की नाही यावरून. संपाच्या वेळी चिडलेला जमाव दारात येतो, तेव्हा खाली जाऊन त्यांच्याशी माणसासारखं बोला, असं तीच त्याला बजावते. मग त्याच्या जिवाला धोका दिसताच आडवी होते आणि तिलाच दगड लागतो. दुसऱ्या दिवशी तो लग्नाची मागणी घालतो. ती फटकारून नकार देते!

माझ्या मते खरी प्रेमकथा या नकारानंतर सुरू होते. हिगिन्स नावाचा कामगार मृत सोबत्याच्या मुलांसाठी काम मागायला येतो. थॉर्नटन त्याला पाच तास तिष्ठत ठेवून हाकलतो. पण मग स्वतः चौकशी करतो, हिगिन्स खरं बोलत होता हे कळल्यावर त्याच्या घरी जाऊन माफी मागतो आणि कामावर घेतो. मार्गारेटला दाखवायला तो तिथे जात नाही, उलट ती अचानक तिथे भेटते तेव्हा अवघडतो. तिचं म्हणणं त्याच्या वागण्यात उतरलंय, हे वाचकाला दिसतं.

तुमच्याकडे याच तोलाचं साहित्य पडून आहे. समजा, नायिकेने एका गाईला दगडीसाठी, म्हणजे कासेच्या सुजेसाठी, प्रतिजैविक दिलंय. औषध उतरेपर्यंत ते दूध डेअरीला घालायचं नसतं. मालकिणीची तेवढी एकच गाय, आठवड्याचा हप्ता तोंडावर, म्हणून ती घालते. तपासणीत सापडतं, आणि तुमचा नायक सगळ्यांसमोर कॅन परत करतो. त्याचंही बरोबर : एका कॅनपायी सगळं संकलन वाया जाईल. नायिका तणतणत केंद्रावर येते. तिचंही बरोबर : त्या बाईने त्या दिवसांत खायचं काय? आता भांडू दे त्यांना, हवं तेवढं मोठ्याने.

त्यानंतरचं प्रकरण मात्र शांत लिहा. तो संघाच्या बैठकीत अशा दिवसांसाठी उचल देण्याचा विषय मांडतो, ती तिथे नसताना. ती चिठ्ठीवर ‘दूध घालू नये’ हे ठळक लिहू लागते आणि घरच्यांकडून वाचून घेते. दोघांना एकमेकांचं हे तिसऱ्याच माणसाकडून कळू दे.

शेवटी त्यांचा स्वभाव निवळलेला दाखवायची गरज नाही. मार्गारेट आणि थॉर्नटन शेवटच्या ओळींतही एकमेकांच्या घरच्यांच्या नाराजीवरून चिडवतातच. नऊ प्रकरणांपैकी मोटरसायकलचं एक ठेवा, कारण त्यात गावचा रस्ता छान आलाय. बाकीची नव्याने लिहून पाठवा, मी वाचेन.